प्लॅनवर 'क्राउन अलॉटमेंट' लिहिलंय, म्हणजे जमीन अजून सरकारचीच का?

प्रश्न थोडक्यात असा. तुमची मुलगी आणि जावई मेलबर्नला असतात. त्यांनी मिर्बू नॉर्थच्या पलीकडे डोंगरउतारावर पाच एकर घेतलेत. कागद चाळताना प्लॅनवर 'क्राउन अलॉटमेंट' आणि 'पॅरिश' हे शब्द दिसले आणि तुमच्या पोटात गोळा आला. जमीन अजून राणीची, म्हणजे आता राजाची, आहे का? आपल्याकडच्या 'वर्ग २' जमिनीसारखा, म्हणजे सरकारनं अटींवर दिलेल्या जमिनीसारखा, उद्या कुणी नजराणा मागायला येईल का? शिवाय तुमच्या व्याह्यांचं म्हणणं असं, की गोऱ्यांना या जमिनी फुकटच वाटल्या होत्या.

आधी काळजीचं बोलू. 'क्राउन अलॉटमेंट' हा आपल्या गट नंबरासारखा नुसता ओळखीचा क्रमांक आहे. सरकारनं पहिल्यांदा जो तुकडा मोजून दिला त्याचा तो नंबर, आणि पॅरिश म्हणजे साधारण आपलं मौजे. चर्चशी त्याचा काही संबंध नाही. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, खाजगी मालकीच्या जवळजवळ प्रत्येक जमिनीचा उगम कुठल्या तरी क्राउन ग्रँटमध्ये, म्हणजे सरकारनं पहिल्यांदा मालकी दिल्याच्या कागदात, असतो. मुलीची जमीन पूर्ण मालकीची आहे. नजराणा नाही, कलेक्टरची परवानगी नाही.

पण तुमच्या मनात 'वर्ग २' आला, तो अगदीच चुकीच्या जागी आला असं नाही. मी नोकरीची पहिली सहा वर्षं पुणे जिल्ह्यात भूकरमापक म्हणून काढली आणि पुढची सत्तावीस व्हिक्टोरियात परवानाधारक सर्व्हेअर म्हणून, त्यातली बरीचशी याच स्ट्रेलेस्की डोंगररांगांत. तिथली जुनी फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मलाही वाटलं होतं, अरे, ही तर आपली भोगवटादार वर्ग २! ताबा आज, मालकी नंतर, मधे अटीच अटी, आणि अट मोडली की शर्तभंग.

एक गैरसमज आधीच काढतो. 'क्राउन' म्हटलं तरी हे जमीनवाटप ब्रिटिश सरकारनं लंडनमधून केलं नाही. १८५५ नंतर व्हिक्टोरियाची स्वतःची विधानसभा होती आणि सरकारी जमिनीचं काय करायचं ते ती ठरवत होती. सोन्याची पहिली लाट ओसरली होती आणि खाणीवर आलेली माणसं रिकामी होती. चांगली सपाट कुरणं मेंढपाळ बड्यांनी, ज्यांना तिकडे स्क्वॉटर म्हणतात, आधीच दाबून ठेवली होती. लहान माणसाला जमीन द्या अशी ओरड होती. १८६२ आणि १८६५ च्या कायद्यांत पळवाटा निघाल्या. बड्यांनी नोकरांच्या नावानं अर्ज भरून जमिनी परत मिळवल्या. आपल्याकडे सीलिंगच्या वेळी कुत्र्या-मांजरांच्या नावानं जमिनी केल्या असं म्हणतात, तसाच प्रकार. मग आला १८६९ चा कायदा. तुमच्या मुलीच्या डोंगराची गोष्ट तिथून सुरू होते.

या कायद्यानं मोजणी होण्याआधीच कुणालाही जाऊन जमीन निवडायची मुभा दिली. म्हणून त्या लोकांना 'सिलेक्टर' म्हणतात. जास्तीत जास्त ३२० एकर. चारी कोपऱ्यांवर खुंट ठोकायचे, नोटीस लावायची, अर्ज करायचा, स्थानिक लँड बोर्डापुढे उभं राहायचं. मंजुरी मिळाली की तीन वर्षांचा परवाना. भाडं एकरी वर्षाला २ शिलिंग. तीन वर्षांत अटी पाळल्या असं दाखवलं की उरलेले १४ शिलिंग एकदम भरून मालकी घ्यायची, नाहीतर पुढच्या सात वर्षांचा भाडेपट्टा करून तेच २ शिलिंग भरत राहायचं. दहा वर्षांत एकरी १ पौंड पुरा झाला की क्राउन ग्रँट. म्हणजे भाडं हेच हप्ते होते. पूर्ण ३२० एकरांना वर्षाचे ३२ पौंड, तेही सहा-सहा महिन्यांचे आगाऊ. मोजणीची फी वेगळी. व्याह्यांना सांगा, फुकट नव्हती.

आता अटी ऐका. सहा महिन्यांत राहायला जायचं आणि परवान्याच्या काळात निदान अडीच वर्षं स्वतः तिथे राहायचं. दोन वर्षांत कुंपण. दहा एकरांमागे एक एकर लागवडीखाली. तीन वर्षांच्या शेवटी एकरी १ पौंडाच्या सुधारणा दिसल्या पाहिजेत. कुरणाच्या सपाट देशात हे जमण्यासारखं होतं, आणि कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच देश होता.

पण सपाट देशातली जमीन संपत आली, आणि १८७० च्या दशकात लोक दक्षिण गिप्सलँडच्या डोंगरांत, म्हणजे याच स्ट्रेलेस्की रांगांत, घुसले. तिथे काय होतं? १८४० साली स्ट्रेलेस्की नावाचा पोलिश भटका संशोधक या रानातून गेला. घोडे सोडून द्यावे लागले, रान इतकं दाट की माणसं झाडोऱ्यावर अंग टाकून वाट पाडत होती. चार्ली तारा नावाचा आदिवासी वाटाड्या कोआला मारून आणत होता, त्यावर सगळे जगले आणि मे महिन्यात कसेबसे किनाऱ्याला लागले. वर माउंटन ॲश, निलगिरीच्या कुळातलं, जगातल्या फुलणाऱ्या झाडांत सर्वात उंच वाढणारं झाड. याच डोंगरांतल्या थॉर्पडेलजवळ १८८० च्या दशकात पाडलेलं एक झाड कॉर्नथ्वेट नावाच्या सर्व्हेअरनं आडवं पडल्यावर साखळीनं मोजलं, ३७५ फूट भरलं. म्हणजे ११४ मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. या झाडांच्या खाली दुसरं जंगल : हेझल, ब्लॅकवुड, मस्क, डोक्याच्या वर गेलेले वृक्षनेचे, आणि पात्यांनी हात कापणारं गवत. त्यात ३२० एकर. त्यातले ३२ एकर तीन वर्षांत लागवडीखाली आणा, म्हणे.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जमिनीचं क्षेत्र नेहमी आडव्या पातळीत मोजतात, उतारावर नाही. ओळंबा सोडून पायरी-पायरीनं साखळी ताणत खाली उतरायचं. ३० अंशांच्या उतारावर कागदावरच्या ३२० एकरांचं प्रत्यक्ष अंग सुमारे ३७० एकर भरतं. भाडं ३२० चं. झाडोरा तोडायचा ३७० एकरांचा. ४० साखळ्या बाय ८० साखळ्यांचा तुकडा धरला तर सपाटीवर कुंपण तीन मैल. (ही साखळी ६६ फुटी. आपल्या मोजणीची ३३ फुटी, म्हणजे बरोबर अर्धी, म्हणून आपला गुंठा ३३ बाय ३३.) डोंगरात प्रत्येक घळीत उतरून परत चढायचं, तीन मैल कुठले पुरणार.

माझं मत विचाराल तर खरी चूक इथे झाली : दर सगळीकडे एकच ठेवला. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीचं जे काम सुरू केलं त्यात जमिनीची प्रत पाहिल्याशिवाय आकार, म्हणजे शेतसारा, बसवत नव्हते. मातीची खोली, रंग, चुनखडी, उतार, सगळ्याला आणे. मुरमाड माळाला आणि काळ्या जमिनीला एक दर लावला असता तर आपल्याकडे दंगा झाला असता. आधीच्या चढ्या आकारणीनं गावं ओस पडलीच होती. व्हिक्टोरियात तीस-चाळीस वर्षांनंतरही थॉर्पडेलची तांबडी ज्वालामुखी माती आणि जीरालांगचा घसरडा चिकणदगडी कडा, दोन्हींना एकरी १ पौंड. प्रत पाहून दर कमी-जास्त करणारा कायदा १८९८ साली आला. तोवर रान निघून गेलं होतं.

१८७८ साली थोडी ढील दिली. परवाना सहा वर्षांचा, पट्टा चौदा वर्षांचा, भाडं एकरी १ शिलिंग. वीस वर्षांत तोच १ पौंड. ३२० एकरांना वर्षाला १६ पौंड. त्यानं पुष्कळांचा जीव वाचला. पुढे १८८४ च्या कायद्यानं डोंगराळ आणि हलक्या भागात १००० एकरांपर्यंतचे चराईपट्टे आले.

हे १८७८ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी हिंदुस्थानात वनकायदा झाला. राखीव जंगलं आखली गेली. सह्याद्रीच्या उतारावर कुमरी, म्हणजे फिरती शेती, करणाऱ्याला, राबासाठी, म्हणजे भाताच्या वाफ्यावर जाळायला, फांद्या तोडणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. कुलाब्याकडच्या ठाकर-कातकऱ्यांना दळीचे, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतीचे, मोजके तुकडे देऊन बाकीचं रान बंद. एकाच राणीच्या नावानं एका डोंगरात झाड तोडलं म्हणून दंड, दुसऱ्या डोंगरात तोडलं नाही म्हणून पट्टा रद्द. हे मी भाषणातलं वाक्य म्हणून सांगत नाही. दोन्हीकडच्या फाइली मी हातांत धरल्या आहेत.

तोडत कसे होते ते सांगण्यासारखं आहे, कारण मुलीच्या पाच एकरांवर त्याच्या खुणा सापडतील. हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैपासून, खालचा झाडोरा तोडायला घ्यायचा. उताराच्या वरच्या बाजूनं एक मोठं झाड असं पाडायचं की खालची अर्धवट घाव घालून ठेवलेली पन्नास झाडं त्याच्या धक्क्यानं पत्त्यांसारखी कोसळावीत. महाकाय बुंध्यांना बुडाशी तोडणं परवडत नसे. तिथे लाकूड फार रुंद. मग खाच पाडून त्यात फळी खोवायची, तिच्यावर उभं राहून पुन्हा वर खाच, अशी दोन-तीन पुरुष उंचीवर कुऱ्हाड चालायची. तेही जमलं नाही तर सालीचा पट्टा काढून झाड उभ्या उभ्या मारायचं. उन्हाळ्यात सगळं वाळलं की जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, एखाद्या तापलेल्या वाऱ्याच्या दिवशी, पेटवायचं. जाळ चांगला लागला तर वर्ष साधलं. अर्धवट जळालं तर पुढची दोन वर्षं ओंडके उचलण्यात जात. राख गरम असतानाच त्यात रायगवत, कॉक्सफूट, क्लोव्हर यांचं बी फेकायचं. नांगर नाही, काही नाही. आपला राबच, फक्त अख्ख्या डोंगराचा.

पहिली काही वर्षं गवत कमरेएवढं येई. राखेचा जोर. तेवढ्यावर सरकारी तपासनीस येऊन 'सुधारणा' लिहून जाई : झाडोरा तोडला इतके एकर, गवत पेरलं इतके एकर, फळ्यांचं घर एक. फाइलमध्ये ही यादी असतेच. तोडलेलं जंगल जमेच्या बाजूला, उभं जंगल कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून मी म्हणतो, की या डोंगरावरचं रान सिलेक्टरच्या हौसेनं गेलं नाही. तो बिचारा मुदत संपायच्या आत रकाना भरत होता. ज्याला दहा एकर नीट साफ करून बाकी रान ठेवायचं होतं, त्याला कायद्यात जागाच नव्हती.

वर्षं बरी चालली याला एक कारण लोणी. १८९० च्या आसपास यंत्रावर मलई काढणं आलं, लोणी कारखाने निघाले, शीतजहाजांतून माल लंडनला जाऊ लागला. कोरुंबुरा आणि लिओंगाथाला १८९१ मध्ये रेल्वे पोचली. तिथवर पोचायचे रस्ते मात्र हिवाळ्यात घोड्याच्या पोटापर्यंत चिखलाचे. आडवे ओंडके टाकून केलेल्या वाटा. मग मेलबर्नच्या जमिनींचा फुगा फुटला, १८९३ साली बँका कोसळल्या, आणि पट्टा तारण ठेवून घेतलेली कर्जं अंगावर आली.

त्यानंतर १ फेब्रुवारी १८९८, मंगळवार. गिप्सलँडमध्ये अजून त्याला रेड ट्यूसडे म्हणतात. दुष्काळ, उष्ण वारा, आणि डोंगरभर उभी मेलेली झाडं, आडवे ओंडके, शेजारच्या उतारावरची जाळणी. सुमारे २ लाख ६० हजार हेक्टर जळालं, १२ माणसं गेली, दोन हजारांवर इमारती राख झाल्या. माउंटन ॲशचा स्वभाव असा की मोठ्या आगीत ते मरतं, पण मरताना बी टाकतं; राखेतून लाखोंनी रोपं उठतात. ज्या उतारावर पंधरा वर्षं कुऱ्हाड चालवली, तिथे पुन्हा झाडोरा. बरेच जण त्यानंतर खचले.

राहिलेल्यांना डोंगरानं हळूहळू खाल्लं. मुळं कुजली तशी चिकणमातीची अंगं सुटली, पावसात अख्खं कुरण खाली ओढ्यात. राखेचा जोर ओसरला तसे नेचे, काटेरी ब्लॅकबेरी, आणि गुरांना विषारी असलेलं पिवळं रॅगवर्ट. वर ससे. पूर्वेकडच्या चढांना लोक 'हार्टब्रेक हिल्स' म्हणू लागले. १९२०-३० पर्यंत तिथली पुष्कळ शेतं ओस होती. १९३० च्या दशकापासून वनखातं ती परत विकत घेऊन झाडं लावू लागलं. पुढे मेरीव्हेलच्या कागद गिरणीसाठी कंपनीनंही घेतली. जंगल तोडल्याबद्दल ज्या जमिनीची मालकी दिली, तीच जंगल लावण्यासाठी पैसे मोजून परत घेतली.

सगळे गेले असं मात्र नाही. थॉर्पडेलच्या तांबड्या मातीत आजही बटाटा उत्तम होतो, लिओंगाथाकडे दुधाचा धंदा चालतो. ज्याच्या वाट्याला माती बरी आली तो टिकला. दर दोघांनी एकच भरला होता. मूळचं रान कसं होतं ते बघायचं तर मुलीला सांगा, तारा-बल्गा राष्ट्रीय उद्यानात घेऊन जा. बल्गाचे सुमारे २० हेक्टर १९०४ साली आणि तारा खोरं १९०९ साली राखून ठेवलं, म्हणून वाचलं. नाव त्या चार्ली ताराचंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितली पाहिजे. ही जमीन 'मोकळी' म्हणून वाटली गेली, ती मोकळी नव्हती. डोंगराच्या पूर्व आणि दक्षिण अंगाला गुनाईकुर्नाई, पश्चिमेला बूनवुरुंग, हे तिथले मूळ लोक. सिलेक्टर येण्याआधी तीस वर्षं मेंढपाळांच्या काळात त्यांची कत्तल झाली होती. १८४३ ची वॉरिगल क्रीकची हत्या तिथल्या इतिहासात नोंदलेली आहे. उरलेल्यांना मिशनमध्ये नेलं. १९९२ च्या माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं जमिनीवरचे मूळ लोकांचे हक्क मान्य केले, पण जिथे पूर्ण मालकीची क्राउन ग्रँट दिली गेली तिथे ते संपले असं धरलं गेलं. २०१० साली गुनाईकुर्नाईंना नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ लोकांचा तो हक्क, मिळालं ते उरलेल्या सरकारी जमिनींपुरतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या टायटलची भक्कमी त्याच कागदातून येते ज्यानं दुसऱ्या कुणाचं दार बंद केलं. तिला नोटीस येणार नाही.

आता कामाचं. त्यांना पॅरिशचं नाव आणि अलॉटमेंटचा नंबर लिहून घ्यायला सांगा. जुना पॅरिश प्लॅन ऑनलाइन मिळतो. त्यात त्या तुकड्यावर पहिल्या मालकाचं नाव बारीक अक्षरांत असतं. ते नाव आणि नंबर घेऊन नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी अभिलेखागारात सिलेक्शन फाइल मागवायची. परवान्याचा अर्ज, तपासनिसाचा अहवाल, सुधारणांची यादी, आणि नशीब असेल तर 'या हंगामात भाडं भरता येत नाही, मुदत द्यावी' अशी हातानं लिहिलेली पत्रं. त्या पत्रांची भाषा वाचली की आपल्या तहसील कचेरीतले तगाईचे अर्ज आठवतात.

हद्दीबद्दल एक इशारा. कुंपण म्हणजे हद्द असं समजू नका. त्या काळच्या मोजणीदारांनी कोपऱ्यांवर चर खणले, झाडांवर घाव घालून खुणा केल्या. झाडं जळाली, चर नेच्यांखाली गेले. एकदा मी असाच एक कोपरा तीन दिवस ब्लॅकबेरीत शोधत होतो. सापडला तो मोजणीपत्रकापेक्षा अर्धी साखळी बाजूला. मूळ मोजणीदारानं ती घळ बहुतेक उतरलीच नव्हती, वरूनच अंदाज लिहिला असावा. मीही ती घळ उतरलोय, म्हणून त्याला फार बोल लावत नाही. पण नवं कुंपण घालायच्या आधी परवानाधारक सर्व्हेअरकडून हद्द काढून घ्या.

आणि टायटलवर किंवा प्लॅनवर कुठे '१५.२४ मीटर' असा खोलीचा उल्लेख आहे का तेही बघायला सांगा. ते जुने ५० फूट. १८९१ नंतर दिलेल्या पुष्कळ ग्रँटांत मालकी तेवढ्याच खोलीपर्यंत दिली, खालचं सरकारनं ठेवलं. तो आकडा असेल तर समजायचं, की त्यांच्या उतारावरच्या पहिल्या माणसानं हप्ते फेडून ग्रँट हातात घेतली ती १८९१ नंतरच. विहीर किंवा बोअर घ्यायचा विचार असेल तर तेवढी ओळ वकिलाला आधी दाखवा.